कशाला जातेस तिकडे?

रविवारची दुपार होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून मी सोलायला बसले होते आणि फोन स्पीकरवर टाकून ताटाच्या कडेला ठेवला होता. लेक बोलत होती. गेली अकरा वर्षं ती एका मोठ्या कंपनीत मालवाहतुकीचं काम बघते. कुठला ट्रक कुठून निघाला, कुठून रिकामा परतला, डिझेल किती जळलं, गोदामात माल किती तास पडून राहिला, हे तिचं रोजचं जगणं. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, एका शहराच्या बससेवेत बोलावतायत मला. तीन वर्षांसाठी. फेऱ्यांचं सगळं नियोजन बघायचं. पगार मात्र आत्ताच्या निम्म्याहून कमी." माझे हात थांबलेही नाहीत. सालं काढता काढताच तोंडातून निघून गेलं, "कशाला जातेस तिकडे?" पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं, नंतर बोलू. तू सोल वाल." रागाने नाही म्हणाली. बाळ झोपलेल्या खोलीचं दार हळूच ओढून घ्यावं, तसं म्हणाली.

रात्री अंथरुणावर पडले तरी तो 'कशाला' कानातून जाईना.

परक्या कुणी विचारलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी विचारावं, हे मला लागलं. आमचं घर भुसावळचं. आजोबा जीआयपी रेल्वेच्या लोको शेडमध्ये, वडील गार्ड, आणि मी चौतीस वर्षं स्टेट बँकेत. तीन पिढ्या आम्ही लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कामांवर जगलो. वडिलांची काळी लोखंडी पेटी अजून माझ्या माळ्यावर आहे. ती उघडली की रॉकेलचा आणि ओल्या लोकरीचा एकत्र वास येतो. त्यात दोन झेंड्या, हातकंदील, धुक्यात रुळावर लावायच्या फटाक्यांचा रिकामा डबा आणि पितळेची शिट्टी. वडील रात्रीच्या मालगाडीवरून पहाटे घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कोळशाची बारीक धूळ असायची आणि आई त्यांना आंघोळीआधी आम्हाला हात लावू द्यायची नाही. त्या पगारावर आम्ही चार भावंडं शिकलो. आणि त्याच घरातली मी, लेक तशाच कामाकडे वळताना तिला विचारते, कशाला! म्हणजे मधल्या काळात माझ्या मनात कुठेतरी एक उतरंड रचली गेली होती. कंपनी वर, सरकार खाली. वरून खाली कुणी आपल्या पायाने उतरतं का, असा त्या प्रश्नाचा खरा अर्थ होता.

त्या रात्री मला डॉ. जॉन मथाई आठवले. हे नाव माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आलं ते बढतीच्या परीक्षेसाठी केलेल्या पाठांतरातून. 1 जुलै 1955, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, पहिले अध्यक्ष डॉ. जॉन मथाई. एवढंच. तो प्रश्न आला नाही, नाव मात्र डोक्यात बसलं. पुढे कितीतरी वर्षांनी, रेल्वेबद्दलचं मिळेल ते वाचायच्या वडिलांच्या सवयीतून, मला कळलं की हेच मथाई स्वतंत्र भारताचे पहिले रेल्वेमंत्री. आणि मंत्री होण्याआधी ते टाटांच्या कंपनीत संचालक होते. मला तेव्हा नवल वाटलं होतं. आमच्या घरात रेल्वेमंत्री म्हटलं की लालबहादूर शास्त्री, आणि नंतर मधु दंडवते. मथाईंचं नाव आजोबांनी घेतल्याचं कुणाला आठवत नाही, आणि आजोबांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वळण नेमकं मथाईंच्याच कारकिर्दीत आलं.

मथाईंची वाट सरळ कधी नव्हती. 1886 चा जन्म, कोझिकोडचा. मद्रासला काही वर्षं वकिली, मग इंग्लंडला जाऊन अर्थशास्त्र, आणि लंडनला डॉक्टरेट केली ती इंग्रजी अमलाखालच्या हिंदुस्थानातल्या गावकारभारावर. परत येऊन प्राध्यापकी. मग सरकारी टॅरिफ बोर्डावर, आधी सदस्य आणि पुढे अध्यक्ष. देशी उद्योगांना परदेशी मालापासून संरक्षण द्यायचं का आणि किती, हे ठरवणारं ते मंडळ. त्यानंतर सरकारच्याच व्यापारी माहिती आणि आकडेवारीच्या खात्याचे प्रमुख. आणि 1940 मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, टाटा. आपल्याकडे चोपन्नाव्या वर्षी माणूस निवृत्तीच्या पैशांचा हिशेब मांडायला बसतो. मथाई त्या वयात बॉम्बे हाउसची, म्हणजे टाटांच्या मुख्यालयाची, पायरी चढले, आणि सहा वर्षांनी ती उतरून दिल्लीला गेले.

एकदा बँकेच्या कामासाठी मुंबईला गेले होते तेव्हा फोर्टात हाताशी दोन तास मोकळे होते. मी ते पायी घालवले. हॉर्निमन सर्कलची जुनी झाडं, त्यांच्याजवळ बँकेची मुख्य शाखा, तिथून चार पावलांवर होमी मोदी स्ट्रीटवरचं बॉम्बे हाउस. ते माझ्या कल्पनेपेक्षा साधं निघालं, मालाडच्या पिवळट दगडातलं. पलीकडे विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर. मथाई पुढे या विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. आणि उत्तरेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की व्हीटी. एका माणसाने आयुष्यात बदललेल्या खुर्च्यांपैकी कितीतरी इथे घामही न येता चालून होण्याइतक्या अंतरावर. व्हीटीच्या घुमटाखाली मी खूप वेळ उभी राहिले. लोकलमधून उतरलेली गर्दी माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, ओल्या छत्र्या, डबे, फुलांच्या पाट्या, कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं पोर. बॉम्बे हाउसच्या खोलीत बसलेल्या माणसाला हे असं अंगावर येत असेल का, की त्याच्यापर्यंत ते आकड्यांतूनच पोचत असेल, हा प्रश्न तेव्हाच माझ्या मनात आला होता.

आकड्यांवर मात्र त्यांची पकड जबर होती. 1944 च्या सुरुवातीला देशातल्या उद्योगजगतातल्या आठ जणांनी मिळून स्वतंत्र भारताच्या अर्थव्यवस्थेची एक योजना मांडली. लोक तिला बॉम्बे प्लॅन म्हणतात. जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम, आर्देशिर दलाल, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई. मसुदा मुख्यतः मथाईंच्या हातचा मानला जातो. पंधरा वर्षांत 10 हजार कोटी रुपये, त्यांतले 940 कोटी दळणवळणासाठी. देशात तेव्हा 41 हजार मैल रेल्वे होती, तिच्यात आणखी 21 हजार मैलांची भर घालायची. युद्ध चालू, बंगालमध्ये माणसं भुकेने मरतायत, आणि ही माणसं रुळांचे मैल मोजतायत! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते जरा निष्ठुर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. धान्य एका प्रांतात असतं आणि भूक दुसऱ्या प्रांतात, तेव्हा मधले मैल मोजणारं कुणीतरी लागतंच.

पण झालं काय ते बघा. सप्टेंबर 1946 च्या हंगामी सरकारात मथाई गेले. आधी अर्थखातं, मग उद्योग आणि पुरवठा, आणि 1947 मध्ये रेल्वे आणि परिवहन. ज्या माणसाने 21 हजार मैल वाढवायचे ठरवले होते, त्याच्या हाती खातं आलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे 7 हजार मैल एका रात्रीत देशाबाहेर गेले. नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे दोन तुकडे, बंगाल आसाम रेल्वेचे दोन तुकडे. नुसते रूळ नव्हेत. इंजिनं, डबे, वर्कशॉपं, भांडारातले खिळे, आणि माणसं वाटायची होती. आजही भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तिन्ही देशांचे रेल्वेमार्ग एकत्र मोजले तरी त्या योजनेतले 62 हजार मैल भरत नाहीत.

माणसांची वाटणी कशी झाली, हे मला पुस्तकातून कळायच्या आधी आजीकडून कळलं होतं. रेल्वेतल्या प्रत्येकाला विचारण्यात आलं, इकडे राहणार की तिकडे जाणार. आजोबा तेव्हा फायरमन. त्यांच्या इंजिनाचे ड्रायव्हर मुसलमान होते. आमच्या घरात सगळे त्यांना चाचाच म्हणत. फावडं कसं धरायचं, कोळसा भट्टीत कुठल्या कोपऱ्यात आधी टाकायचा, चढावर वाफ कशी राखायची, हे आजोबांना त्यांनीच शिकवलं. चाचांनी तिकडे जायचं लिहून दिलं. जाताना ते आपली दुपारच्या भाकरीची शिदोरीची डबी आजीला देऊन गेले. म्हणाले, वहिनी, गाडीत सामान जास्त झालंय. ॲल्युमिनियमची ती डबी आजीने मरेपर्यंत वापरली. पण तिच्यात भाकरी कधी ठेवली नाही, फक्त सुया-दोरे.

त्या काळात भारतातून गेलेल्या रेल्वेवाल्यांत ड्रायव्हर, फायरमन, वर्कशॉपमधले लोहार आणि फिटर पुष्कळ होते. तिकडून आलेल्यांत बाबू आणि स्टेशनमास्तर जास्त. म्हणजे इकडे कागद लिहिणारे हात वाढले आणि इंजिन चालवणारे हात कमी झाले, तिकडे नेमकं उलट. आणि याच वेळी गाड्यांची गरज कधी नव्हती एवढी होती. 27 ऑगस्ट ते 6 नोव्हेंबर 1947 एवढ्या काळात निर्वासितांसाठी साडेसहाशेंहून जास्त गाड्या धावल्या आणि त्यांतून वीस लाखांहून अधिक माणसं हलवली गेली. काही गाड्या कशा अवस्थेत पोचल्या ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. भुसावळला त्या प्रकारच्या गाड्या आल्या नाहीत. आल्या त्या कल्याणच्या छावणीकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या. आजी आणि शेजारच्या बायका फलाटावर पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या. आजी सांगायची, "त्या बायका पाणी प्यायच्या आणि भांडं परत देताना पदराने पुसून द्यायच्या. घर गेलं होतं, सवय गेली नव्हती."

आणि माणसं कमी पडली म्हणून आजोबांना लवकर बढती मिळाली. चार-पाच वर्षांनी मिळाली असती ती त्या हिवाळ्यातच मिळाली. फायरमनचे ते ड्रायव्हर झाले. आमच्या घराची पहिली पक्की भिंत त्या पगारवाढीतून उभी राहिली. माझे वडील मॅट्रिकपर्यंत गेले ते त्यामुळे, गार्ड झाले ते त्यामुळे, आणि मी बँकेत पोचले तीही त्याच भिंतीला धरून. आजोबांनी मात्र त्या बढतीचे पेढे वाटले नाहीत. आजी म्हणायची, पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या जागेवर उभे राहिले तेव्हा ते उजव्या हाताला पुन्हा पुन्हा बघत होते, कुणीतरी तिथे यायचंय असं. माझ्या घरचं बरं झालं ते दुसऱ्या कुणाचं तरी घर उठल्यामुळे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर नीट समजलं. त्याचं काय करायचं हे आजही समजलेलं नाही.

दिल्लीत मथाईंच्या टेबलावर हे सगळं तक्त्यांच्या रूपात येत असणार. ड्रायव्हर इतके कमी, कोळसा इतका कमी, इंजिनं इतकी जुनी. नोव्हेंबर 1947 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारताचा पहिला रेल्वे अर्थसंकल्प मांडला, आणि फेब्रुवारी 1948 मध्ये लगेच दुसरा. मला त्या माणसाची वैयक्तिक आठवण असायचं कारण नाही. पण बँकेत असताना मी एकदा बुडत्या शाखेचा ताबा घेतला होता, त्यामुळे एवढं कळतं की पहिल्या दिवशी वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली शिल्लक जुळत नसते तेव्हा माणसाला वक्तृत्व नको असतं, एक पेन्सिल आणि शांत डोकं हवं असतं. मथाई ते घेऊन आले असावेत. टाटांकडे सहा वर्षं काढलेल्या आणि त्याआधी उद्योगांच्या ताळेबंदांत आयुष्य घालवलेल्या माणसाला एका टन कोळशामागे किती मैल गाडी गेली पाहिजे हे विचारायची लाज वाटत नाही.

फाळणीने आसाम उरलेल्या देशापासून तुटला. तिकडे जाणारे जुने रूळ पूर्व बंगालातून जात, आणि तो आता परका मुलूख. म्हणून उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्ट्यातून नवा मार्ग काढायचं ठरलं. काम 1948 च्या सुरुवातीला लागलं. हिमालयातून उतरणाऱ्या तीस्ता, तोरसा, संकोश या नद्या, पावसाळ्यात पात्र बदलणाऱ्या, आणि मलेरियाचं रान. सुमारे 230 किलोमीटरचा हा मार्ग दोन वर्षांच्या आत उभा राहिला आणि 26 जानेवारी 1950 ला, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, त्यावरून प्रवासी गाडी गेली. तेव्हा मथाई रेल्वेमंत्री नव्हते. सप्टेंबर 1948 मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि रेल्वे गोपालस्वामी अय्यंगारांकडे गेली. इंजिनाच्या कारखान्याचंही तसंच. मिहिजामजवळ कारखाना काढायचा निर्णय त्यांच्या वेळचा, आणि चित्तरंजन हे नाव मिळालेल्या त्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं 1950 मध्ये. वाहतुकीच्या कामाचं हे असंच असतं. पाया घालतो त्याच्या वाट्याला फक्त चिखल येतो. वडील म्हणायचे, गार्डाने गाडी सोडताना झेंडी दाखवायची असते, पोचल्यावर हार ड्रायव्हरच्या गळ्यात.

आणि लेकीच्या बसमुळे आणखी एक गोष्ट मी त्या रात्री नव्याने जोडून पाहिली. मथाईंकडे रेल्वेबरोबर रस्त्यांवरच्या वाहतुकीचंही खातं होतं, आणि राज्यांना आपापली रस्ते वाहतूक महामंडळं काढता येतील असा पहिला कायदा 1948 मध्ये झाला तो याच काळात. त्याच वर्षी 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी निघाली. आपण एसटीला कायद्याशी जोडत नाही. आपल्यासाठी ती लाल धुळीचा फुफाटा, खिडकीच्या दांड्यावर टेकलेलं कपाळ, वाहकाच्या पंचिंगचा टकटक आवाज आणि रात्री फाट्यावर एकटीच उतरलेल्या मुलीला घरचं कुणी येईपर्यंत थांबून राहिलेली गाडी. ती मुलगी मी होते. कॉलेजमधून यायला उशीर झाला होता, भाऊ सायकल घेऊन पोचायचा होता, आणि चालकाने इंजिन बंद करून मागे वळून सांगितलं, "पाच मिनिटं थांबतो, ताई." गाडीतल्या एकानेही घड्याळ बघितलं नाही. त्या पाच मिनिटांचा खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली घालायचा, हे कुठल्याही कंपनीच्या वहीत सापडणार नाही.

माझी अडचण इथेच होती. कंपनीतून आलेला माणूस ती पाच मिनिटं कापणारच ना? तिकडे शिकवणच ती. मीसुद्धा एका तालुक्याच्या गावी शाखा बंद करावी अशी टिपणी लिहिली होती. व्यवहार कमी, खर्च जास्त, सगळे आकडे खरे. सही करायच्या आदल्या दिवशी काउंटरच्या दाराशी एक म्हातारी बसली होती, पेन्शनचे पैसे मोजत. नोटा तिने तीन वेळा मोजल्या, चोळीत ठेवल्या, आणि मला म्हणाली, "बाई, हितं हाये म्हणून मी चालत येते. तिकडं गेली तर मला कोन नेईल?" मी टिपणी फाडली नाही. पण तिच्यात एक परिच्छेद वाढवला, आणि शाखा राहिली. तो परिच्छेद मला बँकेने शिकवला नव्हता, आणि टिपणीतले आकडे मला त्या म्हातारीने शिकवले नव्हते. दोन्ही लागले.

मथाईंबद्दल मला शंका येतच नाही असं नाही, आणि ती लपवून मला त्यांच्यावर प्रेम करायचं नाही. टॅरिफ बोर्डावर असताना ज्या पोलाद उद्योगाला संरक्षण द्यायचं की नाही हे ठरवलं जायचं, त्यातलं सगळ्यांत मोठं नाव टाटा. पुढे ते टाटांकडेच गेले. मग रेल्वेमंत्री झाले, आणि रेल्वे म्हणजे पोलादी रुळांचं मोठं गिऱ्हाईक. शिवाय 1945 मध्ये टाटांनी जमशेदपूरला रेल्वेचं जुनं वर्कशॉप घेऊन इंजिनं बांधायची कंपनी काढली होती. म्हणजे न्यायाधीश, वकील आणि गिऱ्हाईक या तिन्ही जागांवर एकच माणूस वेगवेगळ्या वेळी बसला. आजच्या दिवसात असं झालं तर मीच पहिली बोट दाखवेन, आणि दाखवायलाच हवं. त्यांनी कुणाला झुकतं माप दिलं, असं कुठे माझ्या वाचनात नाही. पण माणूस सचोटीचा असला म्हणून दार उघडं ठेवायचं नसतं. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्या काही दोघांतला एक चोर आहे म्हणून नव्हे.

त्यांच्या सचोटीचा मला पटणारा पुरावा त्यांच्या येण्यात नाही, जाण्यात आहे. मार्च 1950 मध्ये नियोजन मंडळ स्थापन झालं आणि मथाईंना ते मान्य नव्हतं. संसदेला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ एका बाजूला आणि तेवढंच वजन असलेलं दुसरं मंडळ शेजारी, हे चालणार नाही, अर्थखात्याचा लगाम ढिला होईल, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणून नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे: बॉम्बे प्लॅन लिहिणारा माणूस नियोजन मंडळाच्या विरोधात गेला. मला त्यात विसंगती दिसत नाही. वेळापत्रक हवंच, पण एका गाडीला दोन गार्ड नकोत. एवढं वजनदार पद त्यांनी तीन महिन्यांच्या आत सोडलं आणि ते पुन्हा टाटांकडे गेले. तिथून पुन्हा करचौकशी आयोगाचे अध्यक्ष, मग आमची बँक, मग मुंबई विद्यापीठ, आणि शेवटी केरळ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. 1959 मध्ये गेले. खासगी आणि सरकारी ही त्यांच्यासाठी वरची आणि खालची पायरी नव्हती. शेजारशेजारच्या खोल्या होत्या, आणि मधलं दार ते स्वतः उघडून ये-जा करत.

या घराण्यात ही सवय पुढेही दिसते. त्यांचे भाचे वर्गीस कुरियन टाटांच्या पोलाद कारखान्यात लागले, पण आपल्याला संचालकांचा भाचा म्हणूनच ओळखतात हे सहन न होऊन बाहेर पडले, आणि पुढे आणंदला दुधात बुडाले ते कायमचे. मुलगा रवी मथाई अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक. 1972 मध्ये, अजून कितीतरी वर्षं राहता आलं असतं तेव्हा, खुर्ची सोडून ते त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. रोज सकाळी आपल्याच जुन्या खोलीवरून वर्गात जायचं, आणि आत दुसरं कुणीतरी बसलेलं बघायचं. मी निवृत्तीनंतर माझ्या शाखेत पासबुक भरायला गेले होते तेव्हा माझ्या टेबलावर दुसरीच बाटली बघून माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं. म्हणून सांगते, हे सोपं नसतं.

चार दिवस हे सगळं डोक्यात फिरत राहिलं. गुरुवारी संध्याकाळी माळ्यावरून वडिलांची पेटी काढली. शिट्टी चिंचेने घासली. पितळ उजळलं, पण आतला मणी अडकला होता, फुंकल्यावर नुसती हवा आली. दोन-तीनदा हातावर आपटली तेव्हा मणी सुटला आणि स्वयंपाकघरात एवढा मोठा आवाज झाला की शेजारच्या वहिनींनी दार उघडून विचारलं, काय झालं हो?

रात्री नऊनंतर लेकीला फोन केला. कशाला जातेस, हे मी परत घ्यायला हवं होतं. पण आमच्याकडे आई-लेकींत माफी तशी मागत नाहीत. मी विचारलं, "त्या शहरात शेवटची बस किती वाजता असते?"

ती थोडा वेळ गप्प राहिली, मग बोलायला लागली, आणि थांबेचना. तिने आधीच दोन शनिवार तिथे जाऊन बघितलं होतं, मला न सांगता. मोठ्या सरकारी दवाखान्याची दुपारची पाळी रात्री दहाला सुटते. त्या बाजूची शेवटची बस नऊ चाळीसला जाते. नर्सा, आया, सफाईच्या बायका, रुग्णांचे नातेवाईक, सगळे फाटकाशी उभे. सहा-सहा जणी एका रिक्षात कोंबून जातात, प्रत्येकी चाळीस रुपये. "वीस मिनिटं, आई. फक्त वीस मिनिटांचा प्रश्न आहे."

"मग ती बस वीस मिनिटं उशिरा सोडता येत नाही?"

"तसं सोपं नाही ना. चालकाची ड्यूटी सव्वादहाला संपते. गाडी उशिरा गेली तर डेपोत उशिरा येते, मग धुवायला, डिझेल भरायला उशीर, आणि सकाळी पाच दहाची पहिली फेरी तीच गाडी करते. एक धागा ओढला की दुसरीकडे उसवतं. पण मधल्या एका मार्गावर दुपारी अडीच ते चार एक गाडी जवळपास रिकामी फिरते. ती जर..." ती आकडे सांगायला लागली. तिचा आवाज मला ओळखू येत होता. वडील जेवणाच्या ताटावर चमचे मांडून क्रॉसिंग समजावून सांगायचे, तेव्हा त्यांचा असाच व्हायचा.

"थांब," मी म्हटलं, "पेन्सिल घेते."